डोंगळ्यावरचे हात

दव सुकलं होतं. बांधावर उभी राहिले आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. कांद्याच्या फुलाला कांद्याचा वास येत नाही, असं शहरात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याला गोडसर, किंचित तुरट, उन्हात तापलेल्या गुळाच्या ढेपेजवळ उभं राहिल्यासारखा वास येतो. दीडएक गुंठ्यात डोंगळा उभा होता. कमरेएवढे पोकळ हिरवे दांडे, प्रत्येकाच्या टोकाला मुठीएवढा पांढरा गोंडा. सगळं होतं तसंच होतं. फक्त आवाज नव्हता.

एके काळी या दिवसांत इथे बोलायचं तर जवळ जाऊन बोलावं लागायचं, एवढा माश्यांचा घोंग असायचा. आता दूर रस्त्यावरून सटाण्याकडे जाणारी एसटी गिअर बदलते तेही ऐकू येत होतं.

हा डोंगळा दादानं लावला होता. दिवाळी झाल्यावर अंगणात गोट निवडले, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले कांदे. एकेकाचा शेंडा कापला आणि लावून टाकले. मार्गशीर्षात तो गेला. दहाव्याला मी आले, दोन दिवस राहिले, नाशिकला परतले. फ्लॅटचं कुलूप काढलं, पोळी-भाजी करून एकटीनं खाल्ली, आणि मग भांडी घासताना रडले. निवृत्त शिक्षिकेचं रडणंसुद्धा वेळापत्रकात बसवलेलं असतं.

परवा वहिनीचा फोन आला. "ताई, डोंगळा उभा शे. मना हात चालत नहीत. मकावाला म्हनस, सोमवारी ट्रॅक्टर घालस. काय करू?"

वावर तिनं मका लावायला एकाला दिलं होतं. तिच्या बोटांचे सांधे सुजतात, एकटीनं शेती होणार कशी? पण दादानं लावलेलं नांगराखाली घालायचं तिच्या जिवावर आलं होतं. हे उळं आमच्या घरचं होतं. उळं म्हणजे कांद्याचं बी, काळं, तिळाहून बारीक. फिकट गुलाबी, झणझणीत, पुढच्या दिवाळीपर्यंत टिकणारा आमचा कांदा त्यातूनच यायचा. उळं काही डब्यात भरून पिढ्यान्‌पिढ्या ठेवता येत नाही. वर्ष उलटलं की त्यातला जीव जातो. म्हणून दरवर्षी कुणीतरी लावावं लागतं, फुलवावं लागतं, धरावं लागतं. या वर्षी हे भरलं नाही तर ते बी संपलं. मी म्हटलं, ट्रॅक्टर थांबव, मी येते.

मोठ्या तोऱ्यात म्हटलं. करायचं काय असतं ते मला कुठे ठाऊक होतं.

आमच्या लहानपणी काही करावं लागतच नसे. विहिरीवर उंबर होता आणि त्याच्या आडव्या फांदीला आग्या माश्यांचं पोळं. दिवाळी सरली की माश्या कुठून तरी यायच्या, पावसाळ्याच्या तोंडाला निघून जायच्या. त्या उंबराभोवती पाच घरांची वावरं. पाची घरं आपापल्या कोपऱ्यात थोडा थोडा डोंगळा लावायची आणि पाची डोंगळ्यांना हीच माशी पुरायची. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना एक वाफा कोथिंबिरीचा पेरायचे आणि तो खुडू द्यायचे नाहीत. डोंगळा फुलायच्या आधी माशीला काहीतरी लागतंच, म्हणून कोथिंबीर फुलावर सोडायची. त्याला घरात नावच होतं, माशीचा वाफा. आई कधी वरणात टाकायला चार काड्या मागायची, तर नाना म्हणायचे, "तो तिना वाटा शे. तू बाजारमधून आन." आई मग तोंडाला पदर लावून पुटपुटायची की या घरात सुनेपेक्षा माशीचा मान मोठा.

वाटा सगळ्यांचाच होता. तारेवर वेडे राघू ओळीनं बसायचे, हवेतल्या हवेत माशी टिपायचे आणि तारेवर आपटून आपटून खायचे. मला ते बघून राग यायचा. मी दगड उचलला की दादा हात धरायचा. उंबराची फळं वर पोपट खायचे, खाली पडलेली ठेलाऱ्यांच्या मेंढ्या खायच्या. ठेलारी माघात यायचे, रिकाम्या वावरात चार दिवस मेंढ्या बसवायचे. मेंढ्यांना पाला आणि वावराला लेंड्या. त्यांच्या बायका आईकडे दूध द्यायच्या आणि कांदे न्यायच्या. मेंढ्यांच्या लोकरीचा तो उबट, ओला वास अजूनही एखाद्या जुन्या घोंगडीतून येतो आणि मी मध्येच थांबते.

शेवटी चैत्रात डोंगराकडून सोमा यायचा, मध काढायला. संध्याकाळी ओला पाला धुपवून तो उंबरावर चढायचा. पोळ्याचा मधानं भरलेला कोपरा तेवढा कापायचा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. खाली उभे राहून आम्ही ओरडायचो, अजून काप, अजून काप. तो वरून म्हणायचा, "बठ्ठं लीसन गऊ ते पुढला साल त्या कसाले येतीन?" सगळंच नेलं तर पुढच्या वर्षी त्या कशाला येतील, एवढाच त्याचा हिशेब. पाची घरी पितळी वाटीभर मध जायचा. तीळही सात जणांत वाटून खावा म्हणतात, तसा प्रकार. त्या मधाला डोंगळ्याचा तोच तुरट वास असायचा. बाटलीतला मध मी आता घेत नाही. तो नुसता गोड असतो.

डोंगळ्याचा पहिला गोंडा पांढरा झाला की नियम सुरू व्हायचे. डोक्याला वासाचं तेल लावून वावरात जायचं नाही, माशी चवताळते. मोठ्यानं हाका मारायच्या नाहीत. आणि फवाऱ्याचा पंप माळ्यावर. औषध मारायचीच वेळ आली तर दिवस बुडताना. "सांजले मार. माशी घर गयी का मंग," हे नानांचं वाक्य पाची घरांत चालायचं. पाची घरांनी ते पाळलं. मोडलं ते मी.

बारावीला होते तेव्हा. विज्ञान शाखा, सटाण्याचं कॉलेज, घरातली पहिली. वहीत अन्नजाळ्याची आकृती काढली होती. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, आणि सगळीकडे बाण. सरांनी ती वही वर्गाला दाखवली. तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. त्या फाल्गुनात डोंगळ्यावर फुलकिडे पडले. गोंडे पिवळे पडायला लागले. नाना म्हणाले, सांजेला बघू, आणि सकाळच्या गाडीनं वणीला नवस फेडायला निघून गेले. आईही बरोबर. दादा बैल घेऊन दूरच्या वावरात. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. घरात ती वाचता येणारी मी एकटीच होते. माळ्यावरून पंप काढला आणि दहाच्या उन्हात, माश्या ऐन भरात असताना, सगळा डोंगळा ओला करून टाकला. उरलेलं औषध शेजारच्या हुसेनचाचांच्या डोंगळ्यावर मारलं, उपकार म्हणून. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. दीडशहाण्यावर कशाचा मार चालतो ते म्हणीत नाही.

तासाभरात घोंग बारीक झाला. मग थांबला. सरीत, दांड्यांच्या बुडाशी, माश्या पडल्या होत्या. काही उताण्या, पाय हलवणाऱ्या. विहिरीच्या काठावर, धोंड्यावर वाळत घातलेल्या आईच्या लुगड्यावरही. मी एक एक उचलून पाण्यात घालत होते. का, ते विचारू नका. पाण्यानं धुतलं की जाईल असं वाटलं असावं. दादा आला, त्यानं माझ्या हातातली ओंजळ बघितली, पंप बघितला. पंप त्यानं स्वतःच्या पाठीला लावला आणि विहिरीवर नेऊन धुतला. त्याचा शर्ट मागून ओला झाला.

नाना दुसऱ्या दिवशी आले. बांधावरूनच त्यांना कळलं. ऐकूच येत नव्हतं ना काही. "पंप कोनी काढा?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या. पण दादा आधी म्हणाला, "मी."

नानांनी हात उगारला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बांधावर बसून राहिले. त्या वर्षी पाची घरांचं उळं पोचट निघालं. वैशाखात ते पाण्याच्या घमेल्यात टाकलं. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. पाचही घमेल्यांवर काळी साय आल्यासारखं जवळपास सगळं वर तरंगत होतं; तळाशी चिमूटभर बसलं, तेवढ्यावरच वाण तगला. गावानं दादाचं नाव फवारा ठेवलं. आधी रागानं, मग थट्टेनं, मग नुसतंच नाव म्हणून. त्याच्या लग्नात बँडवालासुद्धा त्याला फवाराशेठ म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

मी नाशिकला शिकले, तिथेच नोकरी लागली. लग्न जमलं नाही, मग जमवलंही नाही. इयत्ता आठवीला परिसंस्थेचा धडा मी इतकी वर्षं शिकवला की फळ्यावर बाण डोळे मिटून काढता यायचे. बेडूक नाहीसे झाले तर काय होईल, हा प्रश्न दर परीक्षेत घालायचे. मुलं अचूक उत्तर लिहायची. मी पूर्ण गुण द्यायचे. माश्यांबद्दल मात्र वर्गात कधी चकार शब्द काढला नाही.

गावाला जायचे ती राखीला आणि भाऊबीजेला. फाल्गुनात परीक्षा असतात, पेपर तपासायचे असतात, आणि ते कारण मला फार सोयीचं होतं. डोंगळा फुललेला मी त्यानंतर पाहिलाच नाही. पोळं काही वर्षं येत होतं, लहान लहान होत. मग सगळीकडेच पंप आले. दिवसा, रात्री, कधीही. रस्ता रुंद झाला तेव्हा उंबर गेला. एकट्या मीच काही माश्या संपवल्या नाहीत, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण आमच्या उंबरावरच्या माश्यांवर पहिला हात माझा होता. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या टाकीला पोळं लागलं. मीटिंगमध्ये ते मारायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, पण बोललेही नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात माश्या पडल्या होत्या आणि झाडणारी बाई त्या कचऱ्यात भरत होती. मी दार लावून घेतलं. त्या दिवशी दादाला फोन करावा असं फार वाटलं. केला नाही.

आणि आता त्याच्या डोंगळ्याच्या बांधावर मी उभी होते, आणि वहिनी मला शिकवत होती.

"हात असा नही. हलका. पोरनं डोकं कुरवाळतस तसा." तिनं सुजलेल्या बोटांनी एक गोंडा धरून दाखवला. तळवा गोंड्यावरून फिरवायचा, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. एका फुलाचं परागाचं पीठ दुसऱ्याला लागलं पाहिजे. दव सुकल्यापासून ऊन चढेपर्यंत. रोज. गोंड्यातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवडे. माशी न सांगता करायची ते काम.

मी सुरू केलं. अर्ध्या तासात खांदे भरून आले. तळव्याला चिकट पिवळसर पीठ लागलं. सरीवरून मोजून दोन वेडे राघू उडाले, बहुतेक चुकून आलेले.

"दादा हे सगळं एकटा करायचा?" मी विचारलं.

"हाई? हाई ते शेवटलं." वहिनी हसली. "पयले चाचानं, मंग बाकी तीन घरनं, शेवट आपलं. दरसाल. पोळं कमी व्हयनं तव्हयपासून. आपला गोंडा सुकी जायेत, तरी पयले लोकस्नं. मी किती भांडू. म्हनेत, चूक मनी शे, मालेच निस्तरनी पडी."

माझा हात गोंड्यावरच राहिला.

चूक माझी आहे, मलाच निस्तरावी लागेल. चाळीसएक फाल्गुन. मी नाशकात पेपर तपासत होते आणि तो चार घरांच्या वावरांत पांढऱ्या फुलांवरून हात फिरवत होता, माझ्या हातून झालेल्याबद्दल.

मी सांगितलं. तिथेच, सरीत उभी राहून, वहिनीकडे न बघता. दहाचं ऊन, वणीची गाडी, बाटलीवरची चिठ्ठी, चाचांच्या वावरात मारलेलं उरलेलं औषध, आणि दादाचं ते "मी". वाक्यं वर्गात सांगितल्यासारखी क्रमानं आली. स्वतःची चीड आली त्याची.

वहिनी बांधावर बसली. मग म्हणाली, "मी बी त्यास्ले फवारा म्हनू. भांडनमा." आणि थोड्या वेळानं, "हाई त्यास्ना दहावाले सांगनं व्हतं, ताई. पाची घरना मानसं बसेल व्हतात."

तेव्हा सगळे होते. खरं होतं. मीही तिथेच सतरंजीवर बसले होते. कुणीतरी म्हणालं, फवारा लय चांगला माणूस होता, आणि मी मान हलवली होती.

ती उठली आणि पलीकडच्या सरीत गेली, माझ्याकडे पाठ करून. तिचे हात चालत नव्हते तरी चालवत राहिली.

मी बांध ओलांडून गावात गेले. पाची घरं म्हणायला पाच. एकाला कुलूप, माणसं सुरतेला. दुसऱ्याच्या ओट्यावर एक सून होती, नवीन. तिला सासऱ्यांच्या काळातल्या माश्यांचं काय सांगणार? ती म्हणाली, चहा घ्या. तिसऱ्या घरातला मुलगा म्हणाला, "कुठलं पोळं?" आणि अदबीनं उभा राहिला, मी शाळेतली बाई असल्यामुळे. इतकी वर्षं जे उराशी धरून बसले होते, ते घ्यायला कुणी शिल्लकच नव्हतं. त्या गल्लीत भर उन्हात मला इतकं एकटं वाटलं की नाशिकचा फ्लॅटही बरा वाटला.

हुसेनचाचा दारातल्या बाजेवर बसले होते. ऐंशी कधीच ओलांडलेली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दारापुढे त्यांच्या डोंगळ्याच्या दोनच सऱ्या होत्या, फुललेल्या, कुणी हात न लावलेल्या. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

"चाचा, त्या वर्षी पंप दादानं नव्हता मारला," मी म्हणाले.

त्यांनी कान पुढे केला. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी हातानंच खूण केली, मोठ्यानं.

मग मी ओरडले. गल्लीत, भर दिवसा. "पंप मी मारला होता, चाचा! दादानं नाही! तुमच्या वावरातही मीच!" समोरच्या ओट्यावरची दोन पोरं मोबाईलवरून मान वर करून बघायला लागली. मघाची सून चहाचा कप घेऊन दारातच थांबली. सगळं आयुष्य मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं, आणि ते होऊन गेलं.

चाचांना ऐकू आलं होतं. ते स्वतःच्या त्या दोन सऱ्यांकडे बघत बसले. ओठ हलत होते. मला वाटलं, बोलतील काही. शिव्याच द्या म्हणावं असं मनात आलं.

"मंग इतला वरीस आम्ही त्याना हात काबर लिधात?" ते म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही त्याचे हात का घेतले. मी त्यांच्या सऱ्यांकडे वळले, म्हटलं निदान एवढं तरी आज माझ्या हातानं होऊ दे. पण त्यांनी काठीनं मला अडवलं.

"नको बेटा. ते राहू दे." बाजेची कड धरून ते उठले. डोक्यावरची टोपी नीट केली. "चाल. आते मी येस त्याना वावरमा."

अर्ध्या फर्लांगाला आम्हाला पाऊण तास लागला. ते तीनदा बसले. बांधावर त्यांनी चपला काढल्या, काठी मला धरायला दिली आणि डोंगळ्यात उतरले. वहिनीनं बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हुसेनचाचांनी तळवा पहिल्या गोंड्यावर ठेवला, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. मी काठी बांधाला टेकवून ठेवली आणि त्यांच्या मागची सरी धरली.